व्याह्यांचं कार्य शून्य

विनोद सांगून झाला की सर थोडं थांबायचे. ऐकणाऱ्याला हसायला जागा द्यावी लागते, असं त्यांचं मत होतं. पण ती जागा आयुष्यभर रिकामीच राहिली. वर्गात ती पंख्याच्या खडखडाटाने भरायची. घरी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, भाजी निवडताना मान वर न करता विचारायच्या, "मग?"

"मग काय? झाला विनोद."

"बरं," काकू म्हणायच्या आणि निवडलेली भाजी उचलून आत जायच्या.

सरांनी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं. या विषयाच्या नावातच अर्धा घोळ आहे. शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाईंनी ते ऐकून काकूंना म्हटलं, "चैन आहे तुमची, घरातला माणूस पदार्थ शिकलेला." त्यावर सर म्हणाले, "आमच्याकडे पदार्थ तीनच. स्थायू, द्रव आणि वायू." आणि थांबले. बाईंना एवढंच कळलं की या घरात तीनच पदार्थ होतात. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडून झाकलेली वाटी यायला लागली. सरांनी निमूटपणे ती खाल्ली. समजावून सांगण्यापेक्षा खाणं सोपं होतं.

डॉक्टरांकडे याहून वाईट झालं. "वजन कमी करायला हवं," डॉक्टर म्हणाले. "सोपं आहे," सर म्हणाले. "चंद्रावर गेलो की आपोआप सहावा हिस्सा होईल." आणि थांबले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची जवळ ओढली आणि मऊ आवाजात विचारलं, "असे विचार कधीपासून येतायत?" त्या दिवशी सर वजनाच्या गोळ्या आणायला गेले होते, ते झोपेच्या घेऊन आले.

आणि लिफ्ट. सोसायटीच्या सभेत सर म्हणाले होते की लिफ्टचा दोर तुटला तर आतल्या माणसाला आपलं वजन शून्य झाल्यासारखं वाटतं, तेव्हा जाड माणसांनी उलट खूश व्हावं. विज्ञानाच्या दृष्टीने यात काडीची चूक नव्हती. पण सेक्रेटरींनी त्यातलं 'दोर तुटला' एवढंच ऐकलं. शिकलेला माणूस म्हणतोय म्हणजे काहीतरी असणार, असं ठरवून त्यांनी तपासणी होईपर्यंत लिफ्टला कुलूप लावलं. तपासणी करणारा माणूस अजून यायचाय. सर राहतात सगळ्यात वरच्या मजल्यावर. पिशवी घेऊन ते दम खात जिना चढत असले की प्रत्येक मजल्यावर कुणीतरी दार उघडून म्हणतं, "सर, तुमच्यामुळे वाचलो."

एवढं होऊनही माणूस शहाणा होत नाही, त्याला काय करणार. त्यातच व्याह्यांचा निवृत्तीचा निरोपसमारंभ आला.

व्याही पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. सरांना ते मनापासून आवडायचे, पण तसं सांगायची वेळ कधी आली नव्हती. दोन्ही घरांचं नातं चहाच्या कपापाशी अडलेलं होतं. चांगला झालाय चहा, साखर पुरे, हवा फारच गरम आहे, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणं. सरांना माहीत होतं की या माणसावर सगळ्या बाजूंनी दाब यायचा. याची जलवाहिनी आधी टाका, त्याचं मीटर बघू नका, या कंत्राटदाराचं बिल चटकन पुढे सरकवा. व्याही खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीत बसून राहिले आणि तसूभरही हलले नाहीत. म्हणून बढती मिळाली नाही, हेही सरांना लेकीकडून कळलं होतं.

अशा माणसाबद्दल साधे चार शब्द बोलून भागणार नव्हतं. सरांनी भाषण जिन्यात तयार केलं. एक एक वाक्य एक एक मजला. शेवटचं वाक्य वरच्या मजल्यावर सुचलं, आणि ते इतकं जमलं होतं की सर दारातच उभे राहिले.

"आत या ना," काकू म्हणाल्या. "दूध तापेल हातातच."

समारंभाच्या आदल्या दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, सरळ बोला हं. 'आनंद वाटतो, शुभेच्छा देतो', एवढंच. धाकट्या भाऊजींचं लग्न तोंडावर आलंय, घरात सगळे आधीच टेकीला आलेत. तुमचं काही झालं की ते माझ्यावर येतं. इथे माझं आत्ता कुठे बस्तान बसतंय."

"मी काय वाईट बोलणारे का?"

"वाईट नाही हो बाबा. तुम्ही चांगलंच बोलता. तीच भीती आहे."

समारंभ पालिकेच्या सभागृहात होता. मागच्या दारापाशी सभागृहाचा व्यवस्थापक स्टूल टाकून बसला होता आणि पंखा त्याच्या डोक्यावरच घरघरत होता. हे मुद्दाम सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं बरंच रामायण त्या पंख्यामुळे झालं. सर उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले:

"मित्रहो, शास्त्रात कार्य कशाला म्हणतात? नुसता जोर लावला म्हणजे कार्य होत नाही. जोर लावल्यावर वस्तू जागची सरकली पाहिजे. बल गुणिले विस्थापन. आमच्या व्याह्यांवर वरून जोर आला, खालून आला, चारी बाजूंनी आला. त्यांनीही तितकाच जोर लावला. पण हे गृहस्थ जागचे हलले का? नाही. विस्थापन शून्य. म्हणजे आमच्या व्याह्यांचं कार्य, इतक्या वर्षांचं एकूण कार्य, शून्य."

आणि सर थांबले.

पुढचं वाक्य होतं, "आणि असं शून्य कमवायला अख्खं आयुष्य खर्च करावं लागतं." वरच्या मजल्यावर सुचलेलं. त्याआधी लोकांना जरा हसू द्यावं, एवढाच सरांचा हेतू होता. पण सूत्रसंचालन करणाऱ्या, खात्यातल्याच भांडारपालाला वाटलं, संपलं. त्याने पुढे होऊन माईक काढून घेतला आणि म्हणाला, "सरांनी मोजक्या शब्दांत साहेबांच्या कार्याचा आढावा घेतला, त्याबद्दल आभार."

सभागृह चिडीचूप झालं. एकट्याने टाळ्या वाजवल्या, मनापासून, बराच वेळ. तो ज्याचं बिल व्याह्यांनी अडवलं होतं तो कंत्राटदार होता.

सर भांडारपालाच्या मागे लागले. "एक वाक्य राहिलंय."

"झालं की सर, छान झालं. आता खाण्याची गडबड आहे."

"अहो, तेच वाक्य मुख्य आहे."

"मला सांगा, मी कळवतो त्यांना," म्हणत भांडारपाल पेल्यांच्या दिशेने गेला. सर खाली उतरेपर्यंत विहीणबाई हातातली बशी तशीच खुर्चीवर ठेवून निघाल्या होत्या. व्याह्यांनी सरांना नमस्कार केला. तो नमस्कार इतका व्यवस्थित होता की त्यात नातं म्हणून काही उरलं नव्हतं.

घरी येताना काकू पहिल्या मजल्यावर थांबून म्हणाल्या, "शून्य म्हणालात?"

"ती स्तुती होती."

"मग शंभर म्हणायचं ना."

 शास्त्रात शंभर येत नव्हते. सर पुढचे मजले चढले.

फोन आलाच. "बाबा, सासरे काहीच बोलत नाहीयेत," लेक म्हणाली. तिचा आवाज दबका होता, बहुतेक न्हाणीघरातून बोलत होती. "सासूबाई बोलतायत, ते जास्त अवघड आहे. म्हणाल्या, 'तुझ्या घरी आम्हाला मोजतात वाटतं, आणि मोजून शून्य देतात.' मी चहा दिला तर कपाकडे बघून म्हणाल्या, 'ठेव, याचंही काही कार्य होत नसेल.'"

सर अस्वस्थ झाले. आता विनोद नुसता समजावून सांगायचा, एवढंच काम होतं. छोटंसं काम. पण फुटलेलं अंडं परत सांधणं आणि फसलेला विनोद समजावणं, यात सांधणं सोपं असावं.

खालच्या मजल्यावर एक वकील राहायचे. वकिली त्यांनी सोडली होती, सल्ले सोडले नव्हते. ते जिन्यातच म्हणाले, "सर, लेखी माफी अजिबात द्यायची नाही. माफी म्हणजे कबुली. दुसरं, प्रत्यक्ष भेटायचं नाही. रागाच्या भरात काय बोललं जाईल सांगता येत नाही."

"मग करायचं काय?"

"पुरावा पाठवा. तुमचं म्हणणं छापील आहे ना कुठे?"

छापील होतं. सरांनी नववीचं पाठ्यपुस्तक काढलं, 'कार्य आणि ऊर्जा' या धड्यात खूण घातली, चांगल्या कागदात गुंडाळून लेकीच्या हाती पाठवलं. एकदा व्याही वाचतील, मनाशी हसतील, प्रकरण मिटेल. छापलेल्या अक्षराइतकं शांत दुसरं काय असतं? फक्त धडा पाठवण्याआधी एकदा वाचायला हवा होता. जन्मभर शिकवलेला धडा कोण वाचतं? त्या पानावर चित्र होतं. डोक्यावर ओझं घेऊन फलाटावरून सरळ चालणारा हमाल. खाली लिहिलेलं, 'या हमालाने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य शून्य आहे.'

कागद विहीणबाईंनी सोडला.

"आधी शून्य म्हणाले," त्या लेकीला म्हणाल्या, "आता हमाल. पुस्तक पाठवून. म्हणजे तोंडी बोलून समाधान झालं नाही."

सरांनी हे ऐकलं आणि रिसीव्हर खाली ठेवला. काकूंनी विचारलं, "मग?" या खेपेला पुढे खरंच काहीतरी होतं, आणि ते त्यांना सांगवेना.

इतक्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण दारापाशी बसलेला तो व्यवस्थापक अजून शिल्लक होता. त्याला पंख्याच्या घरघरीत एवढंच ऐकू आलं होतं, 'आमच्या व्याह्यांचं कार्य... शून्य.' आता सभागृह चालवणाऱ्या माणसाच्या कानात कार्य या शब्दाचा एकच अर्थ असतो. घरात कार्य आहे म्हणून लोक सभागृह मागायला येतात. कार्य पुढे गेलं, कार्य उरकलं, कार्य मोडलं, यावर त्याचा दिवस जातो. त्याने पाहिलं की 'व्याही' म्हणणारा, म्हणजे त्याच्या मते मुलीचा बाप, भर सभेत कार्य शून्य म्हणतोय, आणि नवरदेवाची आई भरली बशी टाकून निघून जातेय. व्याह्यांनी धाकट्या मुलाच्या लग्नासाठी हेच सभागृह घेतलेलं होतं, तेव्हा त्याने तिथल्या तिथे समजून घेतलं की ते लग्न मोडलं. मन मोठं असल्यामुळे त्याने कुणाला विचारून दुखावलं नाही. तारीख परस्पर एका पतपेढीच्या वार्षिक सभेला देऊन टाकली.

हे लेकीने सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, आणि सरांना ते रडण्याहून वाईट वाटलं. ती एवढंच म्हणाली, "सासूबाईंना अजून माहीत नाही, बाबा. संध्याकाळी भाऊजी त्यांना सांगणार आहेत. त्याच्या आत काही होतंय का बघा. नाही झालं तर मला या घरात मान वर करायला जागा उरणार नाही."

सर वकिलांना घेऊन पालिकेत गेले. व्यवस्थापक सज्जन होता. त्याने दोघांना चहा मागवला आणि मग नाही म्हणाला.

"पण लग्न मोडलेलंच नाही," सर म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात, शून्य."

"ते वेगळं कार्य. बल गुणिले विस्थापन."

"कार्याचे प्रकार आमच्याकडे तीन आहेत," व्यवस्थापक म्हणाला. "लग्न, वाढदिवस, सभा. यातलं कोणतं?"

 वकील पुढे सरसावले. "रद्द करताना अर्ज घेतला होता का?"

"रद्द करायला अर्ज लागत नाही साहेब, परत द्यायला लागतो. आणि अर्जाबरोबर कारण. ज्यांच्या बोलण्यावरून रद्द झालं त्यांनी लिहून द्यायचं, की माझं ते वाक्य चुकीचं होतं. मग मी वर दाखवू शकतो."

सरांचा चहाचा कप अर्ध्यावर थांबला. "वाक्य चुकीचं नाही. ते सूत्र आहे."

"असेल. चुकीचं होतं असं लिहा."

"सूत्र चुकीचं आहे असं मी लिहून देऊ? मी? अहो, ते चूक ठरलं तर चाकं फिरायची थांबतील."

"सर," वकील कानात म्हणाले, "लेक."

या एका शब्दावर सर विरघळले. त्यांनी कागद ओढला. बराच वेळ पेन हातात धरून बसले. शेवटी लिहिलं, 'कार्य बरोबर बल गुणिले विस्थापन हे सूत्र माझ्या व्याह्यांना लागू नाही.' खाली सही केली. ज्या हाताने फळ्यावर हे सूत्र कितीदा लिहिलं, त्याच हाताने. विज्ञानातल्या थोर माणसांना सत्यासाठी फार सोसावं लागलं म्हणतात. पण त्यांना लेकी द्यायच्या नव्हत्या बहुतेक.

व्यवस्थापकाने कागद वाचला, शिक्का मारला आणि म्हणाला, "आता रीतसर झालं. सभागृह मात्र पतपेढीला दिलंय, ते काही निघणार नाही. मागचं आवार देतो. कनात लावून घ्या, गाड्या मी काढायला सांगतो."

अशा रीतीने व्याह्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न सभागृहाच्या मागे, जिथे एरवी गाड्या उभ्या राहतात तिथे ठरलं. विहीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. काही बोलायला शिल्लक आहे का, हे त्या बहुतेक शोधत होत्या.

लेकीने सरांना अट घातली. "लग्नाला या. नाही आलात तर आणखी बोलतील. पण बाबा, तिथे फक्त उभं राहायचं. तोंड उघडायचं नाही. कुणी विचारलं कसे आहात, तर मान हलवायची."

सर मान हलवून हो म्हणाले. फोनवर.

लग्नाच्या दिवशी ते आवाराच्या एका कडेला जाऊन उभे राहिले. इतके दमले होते की न बोलण्याची सूट मिळाल्याचं त्यांना बरंच वाटत होतं. नवरानवरीच्या मागे फुलांचा मोठा पडदा दोन खांबांवर ताणलेला होता. त्यातला सरांच्या बाजूचा खांब एकदम कलला. सरांनी तो झटकन धरला. सजावटवाला धावत आला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "याची खालची बैठकच आली नाही वाटतं. काका, जरा धरून ठेवा, सोडलात तर सगळं नवरीच्या अंगावर येईल. मी हा आलोच."

तो गेला तो गेलाच.

खांब जड होता आणि वारा होता. सरांनी दोन्ही हातांनी तो छातीशी आवळला. पलीकडच्या सभागृहातून पतपेढीचा लाउडस्पीकर आवारावर ओरडत होता. नवरीने नवऱ्याच्या गळ्यात हार घातला त्याच क्षणी आतून आवाज आला, "एकमताने मंजूर." काहींनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांचं त्यांना माहीत. मग जेवणं सुरू झाली. लोक येऊन सरांसमोर थांबत, कसे आहात विचारत, आणि सर खांबाआडून मान हलवत. कुणाला वाटलं, मुलगी दिलेल्या घरचं दुसरं लग्न बघून माणूस हळवा झालाय, आधाराला खांब धरलाय. काकू दोनदा ताट घेऊन आल्या आणि दोनदा परत गेल्या. सरांच्या खांद्यातून कळ मानेपर्यंत चढली. हात सुन्न झाले. तोंड उघडायचं नाही म्हणून त्यांनी कुणाला हाकही मारली नाही.

फोटोसाठी व्याही पडद्याजवळ आले. दिवसभराच्या दगदगीने त्यांचाही चेहरा उतरला होता. त्यांचं लक्ष सरांकडे गेलं. त्यांनी खांबाकडे बघितलं, सरांच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे बघितलं, मग खाली बुटांकडे.

"केव्हापासून उभे आहात?" त्यांनी विचारलं.

सरांनी मान हलवली.

"म्हणजे मघापासून. हार घालायच्या आधीपासून?"

सरांनी पुन्हा मान हलवली.

व्याह्यांनी घसा साफ केला. आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि हळूच म्हणाले, "सर, तुमचं कार्य शून्य."

आणि थांबले.

सरांच्या मनाला ते फार लागलं. रक्ताचं पाणी करून उभं राहायचं आणि वर हे ऐकायचं.  एका शब्दाने लेकीची अट मोडली तरी चालेल असं वाटून त्यांनी विचारलं, "मग?"

व्याह्यांचा चेहरा पडला. तो चेहरा सरांनी लगेच ओळखला. जन्मभर आरशात पाहिलेला चेहरा होता तो.

"मग काही नाही," व्याही ओशाळून म्हणाले. "तुमच्या पुस्तकात आहे. निवृत्त झाल्यावर घरात वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून दोनदा वाचलं. म्हणजे असं बघा, तुम्ही जोर पुष्कळ लावलात, पण खांब जागचा..."

"हलला नाही," सर म्हणाले.

"हो. विस्थापन नाही. म्हणून मी म्हटलं. तसं त्या दिवशी तुमचं एक वाक्य राहिलं होतं, असं भांडारपाल म्हणत होता. काय होतं ते?"

सरांनी तोंड उघडलं. वरच्या मजल्यावर सुचलेलं ते वाक्य जिभेवर आलं, आणि इतक्या जिन्यांनंतर, इतक्या फोनांनंतर ते फारच जड वाटलं. "राहू दे," ते म्हणाले. "तुम्हाला कळलंय ते."

"सरका थोडे," व्याही म्हणाले. त्यांनी बाह्या वर केल्या आणि खांबाला हात घातला. "दोघे धरू. बल दुप्पट होईल." ते पुन्हा थांबले, थोडे घाबरतच. "कार्य मात्र तेवढंच."

या वेळी सरांना थांबावं लागलं नाही. हसू पोटातून आलं, खांद्यांतून हातात उतरलं. त्यांना हसताना बघून व्याह्यांचाही तोल गेला. दोघे व्याही एका खांबाला मिठी मारून गदगदा हसत होते, तेवढ्यात फुलांचा पडदा वर थरथरला, आणि काकू व विहीणबाई दोघी एकदमच ओरडल्या, "अहो, खांब."

खांब चांगला हातभर सरकला. पडदा फोटोवाल्याच्या डोक्यावर आला. शास्त्राच्या हिशेबाने तेवढं कार्य झालं.